ब्रीद आणि फलक

वाशीपासून पनवेलपर्यंत हार्बर लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना महाविद्यालयांची रांगच उभी आहे. कला-वाणिज्य-विज्ञानापासून अभियांत्रिकी, वैद्यक, व्यवस्थापन आणि विधीपर्यंत ज्याचे महाविद्यालय नवी मुंबईत सापडणार नाही अशी शाखा क्वचितच असेल. यांतील बहुतेक इमारतींत प्रवेशद्वाराशी किंवा प्राचार्यांच्या दालनाबाहेर एक फलक असतो. त्यावर दोन मथळे असतात : व्हिजन आणि मिशन. त्यांखाली उत्कृष्टता, नवोन्मेष, सर्वांगीण विकास, जागतिक दर्जा, मूल्याधिष्ठित शिक्षण हे शब्द कमीअधिक फरकाने त्याच क्रमाने येतात. नेरुळचा फलक खारघरला नेऊन लावला आणि खारघरचा बेलापूरला, तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, हा विनोद प्राध्यापकांच्या खोलीत जुना झालेला आहे.

विनोद खरा असला, तरी त्याने एक प्रश्न झाकला जातो. शिक्षणसंस्थेने आपला हेतू लिहून ठेवावा, ही अपेक्षा केव्हापासूनची? तो कोणी कोणासाठी लिहिला? आणि लिहिलेल्या हेतूने कोण बांधले गेले? या प्रश्नांना महाराष्ट्रात निदान दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात हेतूवरून माणसे भांडली आहेत, नोकऱ्या सोडून गेली आहेत, अनुदानाला मुकली आहेत. आजच्या फलकावरून कोणी भांडल्याचे ऐकिवात नाही. हा फरक कशामुळे पडला, ते या लेखात पाहावयाचे आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. वाशीतच रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय आहे. या संस्थेचे घोषवाक्य सातारा जिल्ह्यातून आलेले आहे : ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. ‘ध्येय’, ‘उद्दिष्ट’, ‘हेतू’, ‘धोरण’ हे सारे शब्द उपलब्ध असताना येथे ‘ब्रीद’ हा शब्द योजला आहे. तो संस्कृत ‘बिरुद’ या शब्दाशी नाते सांगणारा. ब्रीद मिरवणारा माणूस अंगावर खूण बाळगून सांगत असे, की अमुक गोष्टीत मी उणा पडणार नाही; ज्याला शंका असेल त्याने पारखून पाहावे. मिरवण्याच्या हक्काबरोबर पारखले जाण्याचा धोकाही त्यात आलाच.

मराठी संतांनी या शब्दाला आणखी एक वळण दिले. पतितांना पावन करणे हे विठ्ठलाचे ब्रीद, असे एकदा मान्य झाले की भक्ताच्या हाती एक हत्यार येते. नामदेवांपासून तुकोबांपर्यंत संतकवी देवाला वारंवार बजावतात, की मी पतित आहे, माझा उद्धार कर, नाहीतर ते नाव टाकून दे. येथे दुबळा सबळाला त्याच्याच शब्दात धरतो. ब्रीद देवाचे खरे, पण ते वापरतो भक्त. संस्थेच्या हेतुविधानाची कसोटी मला येथेच दिसते. ते संस्थेबाहेरच्या किंवा संस्थेतल्या दुबळ्याला संस्थेविरुद्ध वापरता येते का? येत असेल तर ते ब्रीद; येत नसेल तर ती सजावट.

‘मिशन’ हा शब्द मुंबईला व्यवस्थापनशास्त्राने शिकवलेला नाही. तो पाद्र्यांबरोबर आला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत शाळा सुरू केली. आजचे विल्सन महाविद्यालय ते तीच. विल्सन यांनी आपला हेतू लपवला नव्हता : शिक्षणाच्या वाटेने ख्रिस्ती धर्माचा प्रसार. १८३९ साली त्यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी धर्मांतर केले, तेव्हा पारशी समाज हादरला, प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. या वादात बरोबर कोण, हा प्रश्न वेगळा. येथे एवढेच नोंदवावयाचे, की हेतू स्पष्ट होता म्हणून त्याला विरोधही स्पष्टपणे करता आला. ‘मिशन’ म्हणजे काय हे त्या पालकांना नेमके ठाऊक होते.

मुंबई विद्यापीठाचा हेतू मात्र कायद्याने ठरला. १८५४च्या वुड यांच्या खलित्यानंतर लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७चा. त्याच्या उद्देशिकेतला हेतू आज वाचताना आश्चर्य वाटावे इतका मर्यादित आहे. साहित्य, शास्त्र आणि कला यांत ज्यांनी प्रावीण्य मिळवले असेल त्यांना परीक्षेद्वारे शोधावे आणि त्या प्रावीण्याचा पुरावा म्हणून पदव्या द्याव्यात, एवढेच. ज्ञाननिर्मिती, संशोधन, चारित्र्य यांपैकी कशाचेही आश्वासन त्यात नाही. शिकवण्याचेसुद्धा नाही, कारण शिकवणे हे महाविद्यालयांचे काम होते. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा विभाग विद्यापीठाने १९१९ साली उघडला आणि पॅट्रिक गेडिस तेथे समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, तोवर साठ वर्षे उलटून गेली होती.

हा हेतू तुटपुंजा होता, पण प्रामाणिक होता, आणि त्याचे परिणाम शोधता येतात. १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ज्या संस्थेचे काम परीक्षा घेणे हेच आहे, तेथे परीक्षेत जे नाही ते ज्ञानातच नाही, असे ठरण्यास वेळ लागत नाही. १८६०च्या दशकात मराठीसारख्या देशी भाषा वरच्या परीक्षांतून वगळल्या गेल्या आणि त्यांची जागा संस्कृतादी अभिजात भाषांनी घेतली. मराठीच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट विसरू नये. मराठीला विद्यापीठात परत आणण्यासाठी रानडे यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. पुढे विद्यापीठाने ‘शीलवृत्तफला विद्या’ हे संस्कृत बोधवाक्य मिरवले. विद्येचे फळ शील आणि सद्वर्तन असे ते सांगते. कायद्याने मागितलेले फळ मात्र गुणपत्रिका हे होते. बोधवाक्य आणि कायदा यांतील अंतराचा मराठी विद्यापीठीय इतिहासातला हा पहिला मोठा दाखला.

अशा वातावरणात पुण्यातील काही तरुणांनी सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक हे आरंभीचे. महादेव बल्लाळ नामजोशी, वामन शिवराम आपटे, गोपाळ गणेश आगरकर हे त्यांना येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि १८८५च्या आरंभी फर्ग्युसन महाविद्यालय. शिक्षण स्वस्त आणि सुलभ करावे, आणि ते आपल्या लोकांच्या हाती असावे, हा संस्थेचा उघड हेतू होता. पण त्या हेतूला वजन आले ते एका व्यवस्थेमुळे. आजीव सदस्य होणाऱ्याने किमान वीस वर्षे अल्प वेतनावर संस्थेची सेवा करण्याचे वचन द्यावयाचे. हेतू कागदावर आणि किंमत सदस्याच्या संसारात, अशी ती मांडणी होती.

किंमत खरी होती म्हणूनच भांडण झाले. वेतन वाढवावे की नाही, सदस्याने बाहेर मिळवलेला पैसा संस्थेत जमा करावा की नाही, बाहेरची सार्वजनिक कामे अंगावर घ्यावीत की नाही, या प्रश्नांवर मतभेद वाढत गेले. टिळकांच्या मते सदस्याने आपला सारा वेळ आणि सारी शक्ती संस्थेला द्यावी. जेझुइट पंथीयांचा त्याग हा त्यांच्या डोळ्यांसमोरचा नमुना. होळकर महाराजांनी दिलेल्या रकमेवरून कटुता आली. १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला, तेव्हा सामाजिक सुधारणेवरील मतभेदही उघड्यावर आले. १८९० साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, यावर टिळकांनी हरकत घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला आणि त्यासोबत आपली बाजू मांडणारे दीर्घ निवेदन सादर केले.

टिळकांचा आग्रह अव्यवहार्य होता, असे म्हणणाऱ्यांची बाजूही भक्कम आहे. बाहेरच्या जगाशी संबंध तोडून बसलेला शिक्षक चांगला शिक्षक होतोच असे नाही, आणि गोखल्यांनी पुढे केलेले काम पाहता त्यांना चार भिंतींत कोंडणे हे देशाचे नुकसानच ठरले असते. पण त्या निवेदनाचे महत्त्व कोण बरोबर यात नाही. संस्थेचा एक सदस्य संस्थेच्या मूळ हेतूवर बोट ठेवून विचारतो, ‘आपण हे ठरवले होते ना?’; संस्थेला उत्तर द्यावे लागते; आणि उत्तर न पटल्याने तो आपल्या आयुष्यातील दहा वर्षांच्या कामावर पाणी सोडतो. हेतुविधान जिवंत असल्याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता असणार?

टिळकांच्या जाण्याने गणिताच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली, आणि तेथे १८९१ साली धोंडो केशव कर्वे आले. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवले. त्याबरोबर १८९६ पासून अनाथ बालिकाश्रम चालवला. १९१५च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानच्या महिला विद्यापीठाविषयीच्या एका पुस्तिकेने तिला चालना दिली होती. १९१६ साली विद्यापीठ सुरू झाले. भांडारकर कुलपती, र. पु. परांजपे कुलगुरू, आणि विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

कर्व्यांनी या विद्यापीठाचा हेतू दोन स्पष्ट कलमांत मांडला. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा राहील, इंग्रजी विषय म्हणून शिकवली जाईल; आणि अभ्यासक्रम स्त्रियांच्या गरजा लक्षात घेऊन आखला जाईल. पहिल्या कलमाने मुंबई विद्यापीठाच्या पन्नास वर्षांच्या व्यवहारालाच आव्हान दिले. दुसऱ्या कलमावर त्या वेळीही टीका झाली आणि आजही व्हावी. स्त्रीच्या गरजा ठरवणार कोण? गृहिणी आणि माता या भूमिकांत तिला बसवणारा अभ्यासक्रम तिला मुक्त करतो की बांधतो? हे प्रश्न विचारता येतात, कारण कर्व्यांनी ‘महिला सक्षमीकरणासाठी कटिबद्ध’ असे काही लिहिले नव्हते; काय शिकवणार आणि कोणत्या भाषेत, ते सांगितले होते. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी आली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. सरकारी कायद्याची मान्यता मिळावयास मात्र स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. तीस वर्षांहून अधिक काळ या विद्यापीठाच्या पदवीमागे सरकारी शिक्का नव्हता, जाहीर केलेला हेतू तेवढा होता.

कर्व्यांचे विद्यापीठ सुरू होऊन तीन वर्षे झाली, तेव्हा कराड तालुक्यातील काले या गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सत्यशोधक चळवळीच्या मुशीतून आलेल्या या माणसाने संस्थेची जी उद्दिष्टे ठरवली, त्यांचा आशय असा : मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची आवड उत्पन्न करावी, त्यांतील गरीब मुलांना विनामूल्य शिकवावे, निरनिराळ्या जातींच्या मुलांत प्रेमभाव वाढवावा, अयोग्य रूढींना फाटा द्यावा, एकी, काटकसर आणि स्वाभिमान यांचे महत्त्व प्रत्यक्ष कृतीने पटवावे.

यातील प्रत्येक कलम स्वयंपाकघरात तपासता येत होते. १९२४ साली सातारा येथे सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला बसत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. जातिभेद मोडला की नाही हे पंगतीवरून कळत होते आणि शिक्षण विनामूल्य आहे की नाही हे वहीखात्यावरून. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय साताऱ्यात निघाले. ‘कमवा आणि शिका’ हे तेथील शिक्षणाचे सूत्र. मुलाने शेतात, बांधकामावर श्रम करावेत आणि त्या बळावर शिकावे. त्याने कोणाचे मिंधे होऊ नये, हा ‘स्वावलंबी’ या शब्दाचा अर्थ.

या ब्रीदाचीही परीक्षा झाली. भाऊरावांच्या सरकारवरील टीकेनंतर १९४८ साली मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. संस्था लोकांच्या वर्गणीवर आणि धान्यावर तगली, आणि पुढे सरकारला अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. खेड्यातल्या माणसाला संस्थेचा हेतू समजावून सांगण्याची गरज पडली नव्हती. त्याचा मुलगा तेथे जेवत होता.

हेतू वाक्यात असतो, तसा तो नावातही असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. भिक्षू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटल्यावर ते मान्य करणारा राजा, हा विद्यार्थ्यापुढचा आदर्श. एका शब्दात एवढे सांगणारे ध्येयविधान दुसरे कोणते असेल? त्याच शहरात १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने संमत केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. साडेपंधरा वर्षे. विद्यापीठ कोणाचे, कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर नावात होते, आणि म्हणूनच त्या नावासाठी आणि नावाविरुद्ध इतके रक्त सांडले.

१९९४ हे वर्ष आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे सर्वपरिचित ‘नॅक’, स्थापन केली. आणि तंत्रशिक्षणासाठी राष्ट्रीय प्रत्यायन मंडळ, म्हणजे ‘एनबीए’, अस्तित्वात आले. मराठवाड्यात एका हेतूवरचा प्रदीर्घ संघर्ष संपत होता, त्याच सुमारास हेतू लिहिण्याचे काम कार्यालयीन स्वरूप धारण करू लागले.

फलकावरील शब्द एकसारखे का, याचे उत्तर येथे मिळते. नॅकने आपल्या मूल्यांकनासाठी पाच गाभामूल्ये सांगितली : राष्ट्रीय विकासाला हातभार, जागतिक पातळीवरच्या क्षमता, मूल्यव्यवस्थेची रुजवण, तंत्रज्ञानाचा वापर आणि उत्कृष्टतेचा ध्यास. स्वयंमूल्यांकन अहवालात संस्थेने आपले व्हिजन आणि मिशन देऊन त्यांचा कारभाराशी संबंध दाखवावयाचा. ज्याच्याकडून श्रेणी घ्यावयाची त्याचीच शब्दावली अहवालात उतरावी, यात नवल नाही. भारत २०१४ साली अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्या सुमाराच्या एनबीएच्या स्वयंमूल्यांकन नमुन्यातील पहिलाच निकष व्हिजन, मिशन आणि अभ्यासक्रमाची उद्दिष्टे यांविषयीचा होता, आणि ही विधाने कोठे प्रसिद्ध केली, संबंधितांपर्यंत कशी पोहोचवली, यालाही त्यात गुण होते. अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रत्येक विभागाच्या भिंतीवर, प्रयोगशाळेच्या दारावर, कधी जिन्याच्या वळणावरही तोच मजकूर का असतो, याचे उत्तर यात आहे. फलकाचा पहिला वाचक तपासणी समितीचा सदस्य असतो. तो येतो, पाहतो, नोंद करतो आणि जातो. विद्यार्थी त्याखालून तीन-चार वर्षे चालतो, पण मजकूर त्याला उद्देशून नसतो.

साहित्याच्या अभ्यासकाने या मजकुराचे व्याकरणही पाहावे. ‘निर्माण करणे’, ‘प्रदान करणे’, ‘सक्षम करणे’ अशी भाववाचक क्रियारूपे, कर्ता नाही, काळ नाही. परंतु रयतच्या उद्दिष्टांचे व्याकरणही कागदावर असेच होते. तेवढ्यावरून दोहोंत भेद करता येत नाही. भेद कर्मात आणि विशेषणात आहे. ‘मागासलेल्या वर्गांतील गरीब मुलांना विनामूल्य’ या शब्दसमूहात तीन गोष्टी मोजता येतात, आणि म्हणून ते विधान खोटे ठरू शकते. ‘उत्कृष्टतेचा ध्यास’ खोटा ठरवता येत नाही. जे खोटे ठरू शकत नाही त्याला कोणी जाब विचारू शकत नाही, आणि जाब विचारता येत नाही तेथे ब्रीदाचा प्रश्नच उरत नाही.

याच काळात एका जुन्या शब्दाचा अर्थही फिरला. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. नवी मुंबईतील अशी अनेक महाविद्यालये या धोरणानंतरची. त्यामुळे महाराष्ट्रातील मुलांना शिक्षणासाठी कर्नाटकाची वाट धरावी लागेनाशी झाली, हे खरे, आणि हजारो कुटुंबांत पहिला अभियंता झाला, हेही खरे. पुढे पारंपरिक महाविद्यालयांतही स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम आले. ‘स्वावलंबी’ आणि ‘स्वयंअर्थसहाय्यित’ हे शब्द कानाला जवळचे वाटतात. भाऊरावांच्या ‘स्व’मध्ये विद्यार्थी होता : त्याने हाताने काम करावे आणि फीची चिंता करू नये. दुसऱ्या शब्दातील ‘स्व’ म्हणजे अभ्यासक्रम : त्याने सरकारवर अवलंबून राहू नये, आणि त्यासाठी विद्यार्थ्याच्या पालकाने कर्ज काढावे. एका शब्दाने गरिबासाठी दार उघडले, दुसऱ्याने दाराशी दर लावला.

नवी मुंबईत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हे शहरच एका लिखित हेतूतून जन्मले. मुंबईचा भार हलका करावा, या उद्देशाने १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनी या प्रकल्पाखाली आल्या. आगरी, कोळी, कराडी समाजाची भातशेती आणि मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. संपादित जमिनीपैकी काही भूखंड सिडकोने शाळा-महाविद्यालयांसाठी राखले आणि शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दराने भाडेपट्ट्यावर दिले.

म्हणजे येथील अनेक महाविद्यालयांच्या हेतूचे दोन लेख आहेत. एक भिंतीवरचा, दुसरा भाडेपट्ट्यातला. भाडेपट्ट्यातला हेतू कोरडा असतो : भूखंड शैक्षणिक कारणासाठीच वापरावा. पण तो बांधतो, कारण त्याचा भंग झाला तर जाब विचारणारा कोणी आहे. भिंतीवरचा हेतू उदात्त असतो, आणि त्याच्या भंगाची व्याख्याच झालेली नसते. ज्यांच्या शेतात हे वर्ग उभे आहेत त्यांची मुले त्या वर्गांत कितीशी आहेत, याचा उल्लेख आपल्या महाविद्यालयाच्या ध्येयविधानात आहे का, हे प्रत्येक वाचकाने आपापल्या भिंतीवर तपासून पाहावे. घणसोलीच्या किंवा उलव्याच्या मुलीला त्या विधानातील एखादे वाक्य हाती धरून प्राचार्यांकडे जाता येईल का? संतांनी विठ्ठलाला जो प्रश्न विचारला, तोच तिला आपल्या महाविद्यालयाला विचारता येईल का?

यावर एक आक्षेप संभवतो. भाऊराव, कर्वे, टिळक हे संस्थापक होते. स्थापनेचा क्षण तापलेला असतो, आणि पन्नास वर्षे चाललेल्या संस्थेकडून त्याच उष्णतेची अपेक्षा करणे अन्याय्य आहे. शिवाय मूल्यांकनाने काही चांगलेही केले. ज्या संस्थांनी आपल्या हेतूचा कधी विचारच केला नव्हता त्यांना निदान चार ओळी लिहावयास लावल्या. ग्रंथालये, वाचनकक्ष, निकालांच्या नोंदी सुधारल्या. आक्षेप रास्त आहे. परंतु विद्यापीठाच्या १८५७च्या कायद्यातही संस्थापकाची उष्णता नव्हती, तरी तो हेतू नेमका होता, आणि नेमका असल्यामुळेच रानड्यांना त्यातील उणीव दाखवता आली. नेमकेपणाला त्यागाची गरज नसते. ‘आम्ही अमुक करू आणि न केल्यास आमची चूक’ असे म्हणण्याची तयारी लागते.

ती तयारी आजच्या महाविद्यालयालाही अशक्य नाही. संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम बदलता येत नाही, शुल्क ठरवण्याचे स्वातंत्र्य मर्यादित असते, हे मान्य. पण प्रथम वर्षाला मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या सत्रात वेगळे मार्गदर्शन देऊ. रात्रपाळी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय रविवारी उघडे ठेवू. आजूबाजूच्या गावठाणांतील मुलांपैकी किती जण मध्येच शिक्षण सोडतात याची नोंद दरवर्षी जाहीर करू : अशी तीन वाक्ये कोणतेही महाविद्यालय लिहू शकते. ती इंग्रजी फलकाला शोभणार नाहीत आणि तपासणी समितीला कदाचित किरकोळ वाटतील. पण रविवारी ग्रंथालय बंद दिसले, तर दारात उभा राहिलेला विद्यार्थी त्या वाक्याकडे बोट दाखवू शकेल, आणि ग्रंथपालाला काहीतरी उत्तर द्यावेच लागेल.